डाव्या हाताचा भंडारा

पाटणच्या अलीकडं, ऊस तुटून गेलेल्या एका रानात हरिबाची मेंढरं लेंडीखतासाठी बसवली होती. वैशाखाचं ऊन पाचटावर चरचरत होतं. धोंडुबाईनं सकाळीच ओढ्यातला एक गुळगुळीत दगड आणून, धुऊन, पालाच्या तोंडाशी ठेवला होता आणि त्याला भंडारा लावला होता. मुक्काम कुठंही पडो, तिचा बिरोबा असा दारात यायचा. त्याला हळद लागल्याशिवाय, दिवा दाखवल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. लग्न होऊन आली तेव्हापासूनचा नेम. तापानं फणफणली तरी तो मोडला नव्हता.

बांधावर मोटारसायकल थांबली तेव्हा ती भाकरी थापत होती. पुढं धैर्यशील सर, मागं तिचा तानाजी. सर सांगलीच्या कृष्णाकाठ फुटबॉल क्लबाचे प्रशिक्षक. तानाजी त्याच क्लबाचा पुढच्या फळीतला खेळाडू. पायानं एवढा वेगवान, की मेंढरामागं पळून पळूनच तो असा झाला म्हणून सर सगळ्यांना कौतुकानं सांगत.

तानाजीनं कुत्र्याला थोपटलं, आईच्या पाया पडला आणि बापासमोर उकिडवा बसला.

"तात्या, गोव्याचा क्लब बोलवतोय मला."

हरिबा एका कोकराच्या खुरातला काटा काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"काका, देशातल्या वरच्या गटातला क्लब आहे," धैर्यशील म्हणाला. "आमच्यातला एकही मुलगा आजवर तिथपर्यंत गेला नाही. त्याला आत्ता जाऊ द्या. पंचविशीनंतर कोणी विचारत नाही ह्या खेळात."

"तुमच्या खेळात गडी इकत्यात म्हनं, सर?"

"विकत नाहीत हो. ट्रान्स्फर म्हणतात."

"आमी बी बकरं इकलं म्हनत न्हाई. दिलं म्हनतो." हरिबा हसला. काटा निघाला, कोकरू उडी मारून पळालं. मग त्याचं हसू गेलं. "आबांनी सोडला का?"

तानाजीनं मातीत बोटानं रेघ ओढली.

आबा म्हणजे बाळासो. विट्याचा माणूस. सोनं गाळायच्या दुकानापायी त्यानं सारी उमर मलबारात काढली. तिथं संध्याकाळी दुकान बंद झालं की गल्लीतल्या पोरांसंगं फुटबॉल बघायला जायचा, आणि त्या खेळाचं असं वेड लागलं की म्हातारपणी गावाकडं आला तो सांगलीत क्लब काढूनच. गावोगाव फिरून त्यानं पोरं हुडकली. तानाजी त्याला कवठे महांकाळच्या बाजूला एका शाळेच्या पटांगणात सापडला, अनवाणी.

पोरगं मिसरूडही न फुटलेलं असताना एका सामन्यात त्याच्या नडगीचं हाड मोडलं. हरिबा तेव्हा मेंढरं घेऊन इकडंच, कोयनेच्या अंगाला होता. तो मिरजेच्या दवाखान्यात पोचेतोवर बाळासो पोराच्या उशाशी बसून होता. खुर्चीतच झोपायचा, स्वतःच्या हातानं पोराला पेज भरवायचा. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण हरिबाच्या लेखी तो आबांनी वाचवला.

पुढच्या चैत्रात बिरोबाच्या जत्रेला बाळासो दर्शनाला आला. हरिबाला काय वाटलं कोण जाणे. त्यानं देवापुढचा भंडारा ओंजळीत उचलला आणि साऱ्या भावकीसमोर बोलला, "आबा, माजं पोरगं तुमचा क्लब सोडनार न्हाई. तुमी सोडला म्हनाल तवाच सोडंल." कुणी मागितलं नव्हतं. बाळासोच्याही मनात नव्हतं. तो गोंधळला, मग भरून आलं त्याला. त्यानं तो भंडारा कपाळाला लावून घेतला. बोलला मात्र काहीच नाही.

आता तो बाळासो विट्यात अंथरुणावर होता. पौषात झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. क्लब त्याचा मुलगा वीरधवल बघत होता.

"काका, करार ह्या महिनाअखेर संपतोय," धैर्यशील समजावून सांगू लागला. "कागदानं तानाजी मोकळा आहे. कुणाला विचारायचीसुद्धा गरज नाही."

"कागद तुमचा, सर. भंडारा माजा."

"तात्या, पर आबास्नी बोलताच येत न्हाई—"

"म्हनून मग पळून जायचं व्हय रं?" हरिबाचा आवाज चढला नाही. तो चढत नसे, हीच अडचण होती. "मानूस मुका झाला म्हनून त्याला दिल्याला शबूद बी मुका झाला का?"

धोंडुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. नवरा बोलत असताना मध्ये तोंड घालायची तिची रीत नव्हती. पण पोराची मान जशी खाली गेली, तशी ती तिला बघवली नाही.

"आवं," ती हळूच म्हणाली, "दिल्याला शबूद माघारी मागता येतुय की."

"ज्यानं घेतला त्यानं द्याचा. सोडला म्हनायचं, आन भंडारा माघारी हातावर ठेवायचा."

"मग मी जाते. मी मागते."

हरिबानं तिच्याकडं पाहिलं. "जा," म्हणाला. "आबा सोडत्याल तर माजी कशाला आडकाठी? माजंच पोरगं हाय न्हवं."

*

आधी सांगलीला जावं लागलं, कारण आबांना भेटायचं तर वीरधवलला सांगून जाणं बरं. क्लबाच्या कचेरीत गार हवा सोडलेली होती. भिंतीवर खेळाडूंचे फोटो. तानाजीचा सगळ्यांत मोठा.

"या मावशी! बसा, बसा. अरे, चहा आणा." वीरधवल उठून उभा राहिला. चांगल्या घरचं वळण. धोंडुबाईला वाटलं, उगाच भ्याले.

तानाजीनं सगळं सांगितलं. वीरधवल डोळे मिटून ऐकत होता, कीर्तन ऐकावं तसा.

"तान्या, खरं सांगू? मला आनंदच आहे. पण कुणाला सोडायचं, कुणाला घ्यायचं, हे मी एकटा थोडाच ठरवतो? पुण्यात आपली माणसं बसलीत, ती संगणकावर सगळ्यांचा खेळ मोजतात. ती ठरवतात."

"पुन्याच्या सायबास्नी मी फोन केला हुता, दादा. ते म्हनले, आमी फकस्त सांगतो, ठरवतो प्रशिक्षक."

"झालं तर मग."

"सर म्हनत्यात, मालक ठरवतात."

"आणि मालक कोण? आबा." वीरधवलनं हात जोडले, विट्याच्या दिशेनं. "आणि तुझ्या तात्यांनी तर शब्दच आबांना दिलाय. बिरोबापुढं. त्यात मी पडणार? उद्या देव मला विचारील. नाही बाबा." मग धोंडुबाईकडं वळून तो मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, एक सुचवतो बघा. तान्यानं इथंच नव्या करारावर सही करावी. तात्यांचा शब्दही राहील, पोरगंही डोळ्यांसमोर राहील. गोवा कुठं पळून जात नाही."

"आबास्नी बघून येते एकदा," धोंडुबाई म्हणाली.

"जा की. आपलंच घर आहे. फक्त, ओळखत नाहीत हो ते आता कुणाला."

जिन्यात धैर्यशील सर भेटले. काय झालं ते तानाजीनं सांगितल्यावर ते कडवट हसले.

"मैदानात कोण उतरणार, ते मी ठरवतो. क्लबात कोण असणार, ते मला कुणी विचारत नाही. मला फोनवर कळतं, तुमच्यासारखंच."

*

विट्याच्या घरी दार उघडलं ते वीरधवलच्या बायकोनं, राजनंदिनीनं. "तानाजी ना? या. आबा रोज तुझा सामना लावायला लावतात मोबाईलवर."

धोंडुबाई उंबऱ्यावरच थबकली. "वळखत न्हाईत म्हनलं हुतं..."

"कोण म्हणालं? सगळं ओळखतात. बोलता येत नाही एवढंच."

बाळासो उशीला टेकवून बसवला होता. भिंतीवर जुना फोटो. मलबारच्या दुकानापुढं लुंगी नेसलेली माणसं, मधोमध तरुण बाळासो, काखेत फुटबॉल. तानाजीला बघताच म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा हलला. अर्धा तसाच राहिला. तानाजीनं पाय धरले. बाळासोचा डावा हात चाचपडत खाली आला आणि पोराच्या नडगीवरून फिरला. जिथं हाड मोडलं होतं, नेमका तिथं.

धोंडुबाई हात जोडून खाली बसली.

"आबा, मी हरिबाची मालकीन. पोराला लांब बोलावनं आलंय. त्याच्या बानं तुमास्नी भंडारा उचलून शबूद दिलाय. तुमी उपकार केलं, ते आमी इसरत न्हाई. पर सोडत आसाल तर सोडा त्याला. तुमच्या हातानं सोडा." तिनं पदराची गाठ सोडली. आत बिरोबाचा भंडारा होता. तिनं तो पुढं केला.

बाळासोला सगळं कळलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तो उजव्या हाताकडं बघू लागला. हात चादरीवर पडलेला, परक्याचा असल्यासारखा. म्हाताऱ्याच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. पण त्या हाताचं बोटही हललं नाही. राजनंदिनी म्हणाली, "राहू द्या आबा, त्रास होईल." त्यानं मानेनंच तिला गप्प केलं. मग डावा हात पुढं आला, थरथरत. त्यानं पदरातला भंडारा चिमटीत घेतला, तानाजीच्या कपाळाला लावला. पुन्हा मूठ भरली आणि धोंडुबाईच्या ओंजळीत सोडली. निम्मा चादरीवर सांडला. तोंडातून आवाज आला, "ज... ज्जा..."

"जा म्हनले!" तानाजी ओरडला. "आय, जा म्हनले आबा!"

राजनंदिनी डोळे पुसत हसत होती. धोंडुबाईनं ओंजळ कपाळाला लावली, भंडारा पुन्हा पदरात बांधला आणि ती गाठ मुठीत धरूनच ती एस्टीत बसली. कऱ्हाडपर्यंत पोरगं गोव्याच्याच गोष्टी करत होतं. तिथला समुद्र, तिथलं मैदान, तिथं त्याला जर्सीवर कुठला आकडा मिळंल. "तुला बी दाखवनार समुद्र," म्हणाला. "देवाला धोंडा तिथला घेऊ."

*

हरिबा बांधावर वाट बघत उभा होता. तानाजी पळत पुढं गेला. "तात्या, सोडलं आबांनी!"

हरिबाचा चेहरा उजळला. धोंडुबाईनं ते डोळ्यांनी पाहिलं. पुढं कित्येकदा तिला ते आठवायचं. त्यानं दोन्ही हात वर करून देवाला जोडले. मग हळूहळू ते खाली आले.

"मगाशी वीरधवलदादाचा फोन आला हुता," तो म्हणाला. "मावशी गेल्यात आबांकडं, बरं झालं, म्हनला. फकस्त आबांचा उजवा हात उचलत न्हाई, म्हनला. येवढंच बोलला आन ठेवला." तो बायकोजवळ आला. "धोंडे, कंच्या हातानं दिला भंडारा?"

तानाजी वळला. त्यानं आईकडं पाहिलं. त्या नजरेत काय मागणं होतं ते तिला लख्ख कळलं. एक शब्द होता. तो बोलला की पोरगं गोव्याला गेलं असतं. नवऱ्यानं विट्याला जाऊन विचारलं नसतं; तिच्या शब्दावर त्यानं आजवर कधी शंका घेतली नव्हती.

पण पदरात भंडारा बांधलेला होता, गाठीवर तिची मूठ होती.

"डाव्या," ती म्हणाली.

मेंढरं तेवढी पाचट खात होती.

"त्यांचा उजवा चालत न्हाई वं," ती पुढं म्हणाली. "लय धडपडले. घाम फुटला मानसाला. मनापास्नं दिलंय त्यांनी."

"दिलं आसंल. पर डाव्या हातानं आपन देवाला फूल घालतो का? मग शबूद कसा माघारी घ्याचा?"

"तात्या, तोंडानं बी बोलले. जा म्हनले."

"काय म्हनले नीट?"

तानाजीनं आईकडं पाहिलं. धोंडुबाईनं खरं तेच सांगितलं. "ज म्हनले. पुढलं समजलं न्हाई मला."

हरिबा खाली बसला. त्याला पोराचं वाईट करायचं नव्हतं. रात्रभर नाही, पण दिवस मावळेस्तोवर तो तसाच बसून होता, गुडघ्यात डोकं घालून. आबा बरे झाले तर? उजवा हात हलला तर? डॉक्टर म्हणतात, हलंल. तवर थांबू. देवाशी लबाडी नको. हेच तो फिरून फिरून बोलत राहिला.

"तवर गोव्याचं थांबत्यात का, तात्या?" तानाजी एकदाच म्हणाला. मग त्यानं पुन्हा विचारलं नाही. बापाचा भंडारा मोडून जायची छाती त्याला झाली नाही, आणि तो तसा पोरगा असता तर धोंडुबाईला आवडलाही नसता. हे तिच्या मनात आलं, आणि तिला तिचीच भीती वाटली.

महिनाअखेर तानाजीनं सांगलीत नव्या करारावर सही केली. वीरधवलनं त्याला मिठी मारली. हरिबाला शाल पांघरली आणि त्याचा फोटो काढला. "अशी माणसं राहिली नाहीत," म्हणाला.

*

पावसाच्या तोंडावर मेंढरं देशावर, कवठे महांकाळला परतली. श्रावणात एका सकाळी धैर्यशील सरांचा फोन आला. त्यांनी शनिवारच्या सामन्याचा संघ फळ्यावर लिहिला होता, पुढं तानाजीचं नाव टाकलं होतं. तेवढ्यात त्यांना मोबाईलवर निरोप आला, की तानाजी आता आपला नाही. उत्तरेतल्या कुठल्याशा क्लबाला त्याला दिलं. बदल्यात तिथले दोघं इकडं येणार. तानाजीला गाडीत बसवूनसुद्धा झालं होतं.

"त्याला विचारलं का कुनी?" धोंडुबाईनं विचारलं.

"करार चालू असताना क्लबानं पाठवलं की जावं लागतं, मावशी. नाही म्हटलं तर घरी बसायचं. त्याचा करार संपला होता ना, तेव्हा विचारावं लागलं असतं. म्हणूनच त्यांना सही हवी होती."

हरिबा त्याच दुपारी सांगलीला गेला. धोंडुबाईही गेली. त्यांना बाहेर बाकावर बसवलं. चहा आला नाही. बऱ्याच वेळानं वीरधवल आला, पण वळण तेच होतं, हात जोडलेले.

"दादा," हरिबा म्हणाला, "आबांनी सोडला का त्याला?"

"आबांना कुठं बोलता येतंय, काका?"

"मग? तुमी तर म्हनला हुता, त्यात पडनार न्हाई. देव इचारंल. मी तर भंडारा—"

"काका, भंडारा कुणी उचलला होता?" वीरधवलचा आवाज अजून मऊच होता. "तुम्ही. तो क्लब सोडणार नाही, हा तुमचा शब्द. तुम्ही पाळला. मानलं तुम्हाला. पण आम्ही त्याला सोडणार नाही, असं आबा कधी बोलले होते का? आठवून सांगा बरं."

हरिबा आठवू लागला. जत्रा, भावकी, ओंजळ. आबांनी भंडारा कपाळाला लावून घेतला होता. बोलले काहीच नव्हते.

त्याचं तोंड उघडं राहिलं. अक्षर फुटेना. धोंडुबाईला विट्याचा म्हातारा आठवला. तिनं नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला बाहेर आणलं. भिंतीवरचा तानाजीचा फोटो काढून झाला होता. तिथं तेवढा रंग उजळ राहिला होता.

*

तिकडं तानाजीला खेळायला मिळालं नाही. त्या क्लबाला हवे होते ते गडी त्यांच्याकडं आधीच होते. त्यांना फक्त आपले दोघं खपवायचे होते. सामना मोबाईलवर लागला की धोंडुबाई बाकावर बसलेल्या पोरांत त्याला शोधायची. कधी खांद्यावर टॉवेल घेतलेला दिसायचा, कधी तेवढाही नाही. पुढं थंडी पडली तशी त्याची नडगी ठणकू लागली. फोनवर तो कमी बोलू लागला.

एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. ती नुकती आंघोळ करून देवापाशी बसत होती. हरिबा ओट्यावर घोंगडं पांघरून बसला होता. तो आता मेंढरामागं फारसा जात नसे.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

"व्हय." तो म्हणाला. "आय, येक इचारू? तू त्या दिशी उजव्या म्हनली आसतीस तर?"

"तर तू गेला आसतास."

"मग का न्हाई म्हनलीस?"

तिच्याकडं उत्तर होतं. खोटं बोलायचं नसतं, हे उत्तर. आयुष्यभर ते तिला पुरलं होतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. कारण पोरगं रडत नव्हतं, रागावलंही नव्हतं. ते नुसतं विचारत होतं, एखाद्या लहान लेकरानं विचारावं तसं.

"दिवा लावायचा हाय रं," ती म्हणाली. "ठेवते."

ती देवापाशी बसली. कोनाड्यात विट्याहून आणलेला भंडारा कागदाच्या पुडीत होता. तिनं तो कधी कपाळाला लावला नव्हता आणि फेकलाही नव्हता. आज तिनं पुडी उघडली. चिमूट घेतली. डाव्या हातानं. हात असा थरथरला, की क्षणभर तिला तो बाळासोचाच वाटला. तिनं ती चिमूट बिरोबाच्या दगडाला लावली.

भंडारा लागला. उजव्या हाताचा लागतो तसाच, पिवळाधमक.

तिनं मागं वळून पाहिलं. हरिबा बघत होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. थोड्या वेळानं त्यानं घोंगडं डोक्यावरून ओढून घेतलं.

धोंडुबाईनं दिवा लावला. हळद लागली होती, दिवा लागला होता; तरी त्या दिवशी तिनं पाणी घेतलं नाही.